एका लढाऊ नौकेची शकावली : ब्रिटिश क्रूझर ‘एंटरप्राइझ’, १९१८ ते १९३९

१. विषयप्रवेश

शकावली हा इतिहासाचा सांगाडा होय. जेधे शकावली प्रसिद्ध झाल्यापासून शिवकालांतील अनेक मित्यांचा निर्णय किती सुकर झाला, हें वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु शकावलीची ओळ जितकी विश्वसनीय, तितकीच ती अबोल असते. अमुक दिवशीं अमक्याची स्वारी निघाली, एवढेंच ती सांगते. स्वारी कां निघाली, खर्च कोणाच्या माथीं पडला, आणि पालखींत बसलेल्या गृहस्थास मानानें नेलें कीं नाइलाजानें, याविषयीं ती मौन धरते. हें मौन ओळखून त्याच्या आजूबाजूचे कागद लावणें हेंच संशोधकाचें काम.

हा न्याय केवळ मोडी दप्तरांस लागू आहे असें नव्हे. ज्यांच्या छापील याद्या व नियमबद्ध रोजनिशा शाबूत आहेत अशा अर्वाचीन आरमारी नौकांच्या सेवावृत्तांतासहि तो तंतोतंत लागू पडतो. किंबहुना तेथें नोंदी इतक्या नेमक्या असतात कीं, त्यांवरून सर्व कांहीं कळलें अशी वाचकाची समजूत होण्याचा धोका अधिक. हें दाखविण्यासाठीं प्रस्तुत लेखांत आम्हीं ब्रिटिश आरमारांतील ‘एंटरप्राइझ’ या हलक्या क्रूझरचा, दोन महायुद्धांमधील काळापुरता, सेवावृत्तांत घेतला आहे.

ही नौका निवडण्याचें कारण असें. या वीस वर्षांतील तिच्या वृत्तांतांत नांव घेण्यासारखी एकहि लढाई नाहीं. तिच्या सेवेचा मोठा भाग हिंदी महासागरांत, म्हणजे आपल्याच किनाऱ्यापुढील पाण्यांत गेला. तथापि तिच्या शकावलींत दोन ओळी अशा आहेत कीं, त्या एकमेकींशेजारीं ठेविल्या असतां त्या काळच्या राजकारणाचें सबंध चित्र उभें राहतें. १९२८ सालीं या नौकेनें एका युवराजास त्याच्या सिंहासनाकडे नेलें. १९३६ सालीं तिनेंच एका सम्राटास त्याच्या सिंहासनापासून दूर नेलें. दोन्ही वेळां मार्ग तांबड्या समुद्राचा व सुएझच्या कालव्याचा.

२. मूळ शकावली

विवेचनापूर्वीं मुख्य नोंदी एकत्र देतों.

ता. २८ जून १९१८ — क्लाइडबँक येथें जॉन ब्राउन यांच्या कारखान्यांत बांधणीस आरंभ.

ता. २३ डिसेंबर १९१९ — नौका पाण्यांत सोडली.

एप्रिल १९२६ — सेवेंत दाखल. चौथ्या क्रूझर पथकांत ईस्ट इंडीज स्थानकावर नेमणूक.

डिसेंबर १९२८ — प्रिन्स ऑफ वेल्स यांस दार-एस-सलाम येथून ब्रिंदिसीस पोंचविलें.

ता. ४ मे १९३६ — सम्राट हैले सेलासी यांस जिबूती येथें घेऊन प्रयाण.

ता. ८ मे १९३६ — हैफा येथें आगमन.

१९३८ — राखीव नौकांत जमा.

१९३९ — महायुद्धासाठीं पुन्हा सेवेंत.

पुढील हकीकत आमच्या विषयाबाहेरची असल्यामुळें एका वाक्यांत सांगतों. दुसऱ्या महायुद्धांत ता. २८ डिसेंबर १९४३ रोजीं बिस्केच्या उपसागरांत ‘ग्लासगो’ या क्रूझरच्या साह्यानें तिनें जर्मन विनाशिकांच्या तांड्याशीं झुंज देऊन तीन नौका बुडविल्या, १९४४ सालीं नॉर्मंडीच्या उतरणीच्या वेळीं तोफांचा मारा केला, आणि १९४६ सालीं ती मोडींत विकली गेली.

संग्राहकांस येथें एक इशारा देणें जरूर आहे. एकाच नांवाच्या नौका अनेक असतात. याच नांवाची अमेरिकन विमानवाहू नौका ता. ३ ऑक्टोबर १९३६ रोजीं पाण्यांत सोडली गेली. त्यामुळें केवळ ‘एंटरप्राइझ, १९३६’ एवढेंच लिहिलेला एखादा फोटो, लखोटा किंवा टोपीवरील फीत हातीं आल्यास, ती कोणत्या आरमाराची हें प्रथम ठरविलें पाहिजे. दोन माधवरावांच्या पत्रांची गल्लत करणाऱ्यास आपण जो दोष देतों, तोच येथेंहि लागेल.

३. सवासहा वर्षांची फट

वरील यादींत प्रथम डोळ्यांत भरतें तें दुसऱ्या व तिसऱ्या ओळींमधील अंतर. पाण्यांत सोडलेली नौका सेवेंत येण्यास सवासहा वर्षें लागलीं. युद्धकाळांत अशा नौका दोन-अडीच वर्षांत सज्ज होत. मग या विलंबाचें कारण काय?

तें नौकेच्या जन्मकथेंत आहे. १९१७ सालच्या ऑक्टोबरांत ‘ब्रुमर’ व ‘ब्रेम्से’ या दोन जलद जर्मन नौकांनीं नॉर्वेहून येणाऱ्या व्यापारी तांड्यावर छापा घालून त्याची दाणादाण उडविली. जर्मनी अशाच आणखी वेगवान क्रूझर बांधीत असल्याच्या वदंता होत्या. त्यांस गांठूं शकतील अशा तीन नौका ब्रिटिश आरमारखात्यानें १९१८ च्या मार्चांत मागविल्या: ‘एमराल्ड’, ‘एंटरप्राइझ’ व ‘यूफ्रॅटिस’. वेग हेंच त्यांचें प्रयोजन. ‘एंटरप्राइझ’ची लांबी ५७० फूट, वजन सुमारें साडेसात हजार टन, यंत्रांची शक्ति ८०,००० अश्वबल व वेग ताशीं ३३ सागरी मैल होता. एवढ्या लांब देहास रुंदी मात्र साडेचोपन्न फूट. बाण जसा लांब व अरुंद, तशीच ही बांधणी.

पण बाण भात्यांतून निघण्यापूर्वींच शिकार संपली. १९१८ च्या नोव्हेंबरांत युद्ध थांबलें व त्याच महिन्यांत ‘यूफ्रॅटिस’चें काम रद्द झालें. उरलेल्या दोघी बहिणींचें काम पुढें चाललें खरें, परंतु रेंगाळत. १९१९ च्या ऑगस्टांत ब्रिटिश मंत्रिमंडळानें असें ठरविलें कीं, येत्या दहा वर्षांत मोठें युद्ध होणार नाहीं असें गृहीत धरून लष्करी खर्चाचे अंदाज करावे. ज्या नौकेचें प्रयोजनच युद्ध, तिला अशा ठरावानंतर घाईनें पुरी करणार कोण? ‘एंटरप्राइझ’चा अपुरा सांगाडा खासगी कारखान्यांतून काढून डेव्हनपोर्टच्या सरकारी गोदींत नेला, व तेथें तो सावकाश पुरा झाला.

या दिरंगाईचा एक लाभ झाला. तिच्या नाळेकडील भागावर सहा इंची तोफांची एक जोडी बंद बुरुजांत बसवून पाहण्यांत आली. ‘एमराल्ड’वर सातहि तोफा सुट्या होत्या, ‘एंटरप्राइझ’वर पांच सुट्या व दोन या बुरुजांत. हा प्रयोग ‘नेल्सन’ व ‘रॉडनी’ या पुढें येणाऱ्या दोन महानौकांच्या दुय्यम तोफांसाठीं होता, व तो सफल झाला. म्हणजे जुन्या युद्धासाठीं आंखलेली ही नौका पुढच्या पिढीची परीक्षाभूमि ठरली.

‘हलकी क्रूझर’ या संज्ञेचाहि येथेंच उलगडा करूं. क्रूझर म्हणजे दूरवर एकटी फिरूं शकणारी, व्यापाराचें रक्षण व शत्रूचा माग करणारी जलद नौका. तिच्या लहानमोठेपणाचा निर्णय पूर्वीं आरमारखात्याच्या व्यवहारावर अवलंबून असे. ता. ६ फेब्रुवारी १९२२ च्या वॉशिंग्टनच्या तहानें क्रूझरला दहा हजार टन वजनाची व आठ इंची तोफेची कमाल मर्यादा घातली, पण संख्येला मर्यादा घातली नाहीं. ती ता. २२ एप्रिल १९३० च्या लंडनच्या तहानें आली. त्या तहानें ६.१ इंचांपर्यंतच्या तोफा वाहणाऱ्या नौकांचा वेगळा वर्ग करून त्या वर्गांत ब्रिटनला १,९२,२०० टनांची मर्यादा ठरवून दिली. वजनाप्रमाणें नव्हे तर तोफेच्या तोंडाप्रमाणें वर्ग ठरला, हें ध्यानांत ठेवावें.

याच तहांत नौकेच्या आयुर्मर्यादेचा नियम आहे, आणि तो मितिनिर्णयाची गोडी असणाऱ्यांस विशेष रुचेल. १९२० च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेपूर्वीं बांधणीस आरंभ झालेल्या क्रूझरचें आयुष्य १६ वर्षें, व त्यानंतर आरंभ झालेलीचें २० वर्षें धरावें, आणि हीं वर्षें नौका पुरी झाल्यापासून मोजावीं, असें ठरलें. ‘एंटरप्राइझ’चा आरंभ १९१८ चा व पूर्तता १९२६ ची. म्हणून मोजणी १९२६ पासून, परंतु सोळाच वर्षांची. एका नौकेच्या दोन जन्मतिथि, आणि दोन्हींचा कायद्याच्या दृष्टीनें वेगवेगळा उपयोग. कुंडलींत जन्मवेळ व पत्रिकेंत नामकरण यांचा जो भेद, त्यासारखाच हा प्रकार.

४. स्थानक आणि त्याचा खर्च

सेवेंत आल्यावर नौकेची नेमणूक ईस्ट इंडीज स्थानकावर झाली. ‘स्थानक’ या शब्दानें एखादें बंदर समजूं नये. तो समुद्राचा एक सुभा होता. हिंदी महासागर, इराणचें आखात व तांबडा समुद्र यांचा त्यांत समावेश होई. सिंहलद्वीपांतील त्रिंकोमाली हें त्याचें मुख्य ठाणें, व मुंबई हें मोठें बंदर. सुभेदाराच्या जागीं एक ॲडमिरल असे. १९२५ ते १९३२ पर्यंत त्याचें निशाण ‘एफिंगहॅम’ या क्रूझरवर होतें, व ‘एंटरप्राइझ’ आणि ‘एमराल्ड’ त्याच पथकांत होत्या.

शांततेच्या काळांत अशा नौकेचें काम दिसावयास निरुपद्रवी: बंदरोबंदर फिरणें, निशाण दाखविणें, सलामीच्या तोफा उडविणें, वेळ पडल्यास रक्षणास धांवणें. परंतु हें दर्शन किती लवकर कृतींत उतरे याचें प्रत्यंतर भगिनीनौकेच्या वृत्तांतांत आहे. ता. २४ मार्च १९२७ रोजीं चीनमधील नानकिंग शहरीं परकीयांवर हल्ले झाले तेव्हां ‘एमराल्ड’नें दोन अमेरिकन विनाशिकांसह यांगत्से नदींतून शहरावर तोफा डागल्या. निशाण दाखविणें व तोफ डागणें यांत अंतर एका हुकुमाचें.

हा सर्व डोलारा कोणाच्या खर्चानें उभा होता? ब्रिटिश आरमाराचा मुख्य खर्च ब्रिटिश तिजोरींतून होई हें खरें. परंतु या स्थानकाबद्दल हिंदुस्थानच्या तिजोरींतून सालिना एक लाख पौंडांची खंडणीवजा रक्कम जात असे. १९३४ च्या ऑक्टोबरच्या २ तारखेस मुंबई येथें रॉयल इंडियन मरीनचें रूपांतर रॉयल इंडियन नेव्हींत झालें. ज्या मरीनमध्यें रत्नागिरीकडील दर्यावर्दी मुसलमानांचा मोठा भरणा होता, तेंच हें दळ. पुढें १९३८ सालीं, हिंदी आरमारानें किमान सहा आधुनिक रक्षकनौका बाळगाव्या या अटीवर, ती लाख पौंडांची वर्गणी माफ करण्यांत आली. म्हणजे ‘एंटरप्राइझ’ ज्या वर्षीं राखीव नौकांत जमा झाली त्याच वर्षीं ही वर्गणी थांबली. तिचा या पाण्यांतील सारा सेवाकाल हिंदुस्थान तो खर्च भरीतच होता. नौकेच्या शकावलींत याचा उल्लेख येण्याचें कारण नाहीं. तो जमाखर्चाच्या कागदांत शोधावा लागतो.

५. पहिला प्रवास : १९२८

१९२८ च्या नोव्हेंबरअखेर इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज अत्यवस्थ झाले. युवराज एडवर्ड त्या वेळीं पूर्व आफ्रिकेंतील टांगानिका प्रदेशांत शिकारीच्या दौऱ्यावर होते. याच युवराजांच्या हस्तें ता. १९ नोव्हेंबर १९२१ रोजीं पुण्यास श्रीशिवस्मारकाची कोनशिला बसविली गेली, व त्याच्या दोनच दिवस आधीं मुंबईस त्यांच्या आगमनाचे दिवशीं कडकडीत हरताळ व दंगा झाला, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच.

युवराजांना परत आणण्यासाठीं ‘एंटरप्राइझ’ची योजना झाली. डिसेंबरच्या आरंभीं त्यांना दार-एस-सलाम येथें घेऊन ती निघाली. आफ्रिकेचा पूर्वकिनारा, एडनचें आखात, तांबडा समुद्र व सुएझचा कालवा ओलांडून तिनें त्यांस इटलीच्या दक्षिण टोंकाजवळील ब्रिंदिसी बंदरीं उतरविलें. जर्मन नौकांचा पाठलाग करण्यासाठीं दिलेला वेग असा दहा वर्षांनीं एका राजपुत्राच्या घाईसाठीं कामीं आला. ब्रिंदिसीपासून पुढें मुसोलिनीनें खास आगगाडी दिली. ता. ११ डिसेंबर १९२८ रोजीं रात्रीं युवराज लंडनमध्यें पोंचले. दुसऱ्याच दिवशीं राजांवर शस्त्रक्रिया झाली, व ते वांचले.

आतां साधनांचा विचार करूं. एका बाजूस नौकेचा वृत्तांत: अमुक बंदर सोडलें, अमुक बंदरास लागली. दुसऱ्या बाजूस युवराजांनीं, ड्यूक ऑफ विंडसर झाल्यावर, १९५१ सालीं प्रसिद्ध केलेलें आत्मवृत्त. आणि तिसरीकडे त्या दौऱ्यांत युवराजांबरोबर असलेले त्यांचे साहाय्यक चिटणीस ॲलन लॅसेल्स यांचीं खासगी टिपणें, जीं २००६ सालीं छापून निघालीं. लॅसेल्स लिहितात कीं, मुख्य प्रधान बॉल्डविन यांच्या निकडीच्या तारा युवराजांनीं प्रथम खऱ्याच मानल्या नाहींत. त्यांत त्यांस निवडणुकीचा डाव दिसला. या कारणानें लॅसेल्स इतके उद्विग्न झाले कीं, लौकरच त्यांनीं ती चाकरी सोडली. आत्मवृत्तांत स्वाभाविकच असा सूर नाहीं.

यांपैकीं कोणाचें खरें मानावें? आमच्या मतें येथें बखर, पत्र व शकावली यांच्या तारतम्याचा आपला नेहमींचाच नियम लावावा. प्रयाणाची व आगमनाची तारीख नौकेच्या वृत्तांतावरून घ्यावी. मनांतील हेतु मात्र तिच्यावरून कळणार नाहीं. त्यासाठीं दोन माणसांची साक्ष आहे, व दोघांचीहि ओढ उघड आहे. एक आपलें जीवन समर्थनासाठीं सांगतो, दुसरा धन्याविषयीं भ्रमनिरास होऊन लिहितो. दुसऱ्याचें टिपण छापण्यासाठीं लिहिलेलें नव्हतें एवढी त्याची बाजू अधिक बळकट. पण तें घटनेनंतर पुष्कळ काळानें लिहिलेलें, ही त्याची उणीव.

६. दुसरा प्रवास : १९३६

इथिओपिया, म्हणजे आपल्या जुन्या कागदांतील हबसाण. जंजिऱ्याच्या सिद्दींचा मूळ देश म्हणून त्याचें नांव मराठी दप्तरास परकें नाहीं. तेथें ता. २ नोव्हेंबर १९३० रोजीं हैले सेलासी यांचा राज्याभिषेक झाला. त्या समारंभास ब्रिटिश राजांचे प्रतिनिधि म्हणून त्यांचे पुत्र ड्यूक ऑफ ग्लॉस्टर हजर होते.

१९३५ च्या ऑक्टोबरांत इटलीनें इथिओपियावर स्वारी केली. राष्ट्रसंघानें नोव्हेंबरांत इटलीवर आर्थिक निर्बंध घातले, परंतु सुएझचा कालवा इटलीच्या फौजी जहाजांस कधींच बंद झाला नाहीं. सात महिन्यांत लढाई हरली. ता. २ मे १९३६ रोजीं सम्राट अदिस अबाबाहून आगगाडीनें निघाले व फ्रेंच सोमालीलँडमधील जिबूतीस पोंचले. ता. ४ मे रोजीं ‘एंटरप्राइझ’ त्यांना, सम्राज्ञीला, त्यांच्या मुलांना व मोठ्या परिवाराला घेऊन उत्तरेकडे निघाली. दुसऱ्या दिवशीं इटालियन फौज राजधानींत शिरली. ता. ८ मे रोजीं नौका ब्रिटिश हुकमतीखालील पॅलेस्टाइनमध्यें हैफास लागली, आणि ता. ९ मे रोजीं मुसोलिनीनें रोममध्यें इटालियन साम्राज्याची द्वाही फिरविली.

ज्या कालव्यांतून सात महिने इटलीची फौज खालीं उतरत होती, त्याच कालव्यांतून आतां पराभूत सम्राट वर गेला. आणि ज्या राष्ट्रसंघाचे सभासद कालवा बंद करण्यास धजले नाहींत, त्यांतील एका प्रमुख सभासदाचीच नौका त्याला नेत होती. हें आश्रयदान होतें यांत शंका नाहीं. शत्रूच्या हातीं पडण्यापासून सम्राट वांचला तो या नौकेमुळें. परंतु त्याला अट होती: ब्रिटिश आश्रयांत असतां सम्राटानें युद्ध पुढें चालविण्यांत भाग घेऊं नये.

पुढील टप्प्यांत या आश्रयाचें माप अधिक स्पष्ट दिसतें. जेरुसलेमला कांहीं दिवस राहिल्यावर मेच्या उत्तरार्धांत ‘केपटाउन’ या दुसऱ्या हलक्या क्रूझरनें सम्राटांस हैफाहून जिब्राल्टरपर्यंत नेलें. तेथें त्यांस लढाऊ नौकेंतून उतरवून ‘ऑरफर्ड’ या साध्या उतारू जहाजांत बसविण्यांत आलें, व ता. ३ जून १९३६ रोजीं ते साउदॅम्टनला पोंचले. क्रूझर थेट इंग्लंडच्या किनाऱ्यास लागती तर निशाण, सलामी, राजकीय स्वागत हें सर्व ओघानेंच आलें असतें. उतारू जहाजानें आलेला मनुष्य, तो कोणीहि असो, खासगी उतारू ठरतो. शकावलींत जिब्राल्टरची ही ओळ एवढीशीच दिसते. आमच्या मतें साऱ्या प्रवासांतील राजकारण त्या एका ओळींत आहे.

त्या वेळीं इंग्लंडच्या गादीवर कोण होते? १९२८ सालीं याच ‘एंटरप्राइझ’नें घाईनें घरीं आणलेले युवराज, आतां आठवे एडवर्ड. त्यांनीं सम्राटांस स्वतः भेट दिली नाहीं. आपल्या भावास, ड्यूक ऑफ ग्लॉस्टर यांस पाठविलें. राज्याभिषेकास ब्रिटनतर्फे हजर असलेले तेच राजपुत्र आतां वनवासी सम्राटाच्या भेटीस गेले. ता. ३० जून रोजीं सम्राटांनीं जिनिव्हास राष्ट्रसंघापुढें उभें राहून आपल्या देशाची फिर्याद मांडली. जुलैंत निर्बंध उठले.

आणि तें वर्ष संपण्यापूर्वीं एडवर्डहि सिंहासनावरून उतरले. ता. ११ डिसेंबर १९३६ रोजीं त्यांचा राजत्याग अंमलांत आला. आठ वर्षांपूर्वीं ‘एंटरप्राइझ’च्या वेगामुळें ते लंडनला पोंचले होते ती तारीखहि ११ डिसेंबरच. त्याच रात्रीं उशीरा ‘फ्यूरी’ नांवाच्या विनाशिकेनें त्यांस पोर्टस्मथहून देशाबाहेर नेलें. ज्यांना गादीकडे नेलें त्यांनाहि गादीवरून जातांना लढाऊ नौकाच लागली.

७. कालगणनेचा प्रश्न

आतां संग्राहकांच्या प्रत्यक्ष उपयोगाचा मुद्दा. इथिओपियाची स्वतंत्र कालगणना आहे. तिचें वर्ष सप्टेंबरांत सुरू होतें, महिने तेरा असतात, व वर्षांक आपल्या व्यवहारांतील इसवी सनाहून सात किंवा आठांनीं मागें असतो: सप्टेंबरच्या वर्षारंभापासून डिसेंबरअखेर सात, पुढें जानेवारीपासून वर्षाखेर आठ. त्या हिशेबानें जिबूतीहून प्रयाणाची तारीख मियाझ्या २६, सन १९२८ अशी येते. म्हणजे ‘एंटरप्राइझ’चे दोन्ही राजप्रवास १९२८ चेच! एक इसवी सनाच्या १९२८ चा, दुसरा इथिओपियन १९२८ चा. या नौकेसंबंधीं अम्हारिक कागदावर १९२८ हा आंकडा पाहून कोणीं तो युवराजाच्या प्रवासाशीं जोडला, तर आठ वर्षांची चूक होईल. फसली, सुहूर, राज्याभिषेक व शालिवाहन शक यांच्या घोळांतून वाट काढणाऱ्या आपल्या संशोधकांस ही अडचण ओळखीचीच आहे.

इटालियन फौजेच्या राजधानीप्रवेशाचा दिवस मियाझ्या २७. पांच वर्षांनंतर ता. ५ मे १९४१ रोजीं हैले सेलासी यांनीं राजधानींत पुनःप्रवेश केला, तोहि मियाझ्या २७ च. हा योगायोग नव्हे. पराभवाच्या दिवसावरच विजयाचा दिवस लिहिला गेला.

इंग्रजी आरमारी रोजनिशांतहि असाच एक सांपळा आहे. नौकेची रोजनिशी, जिला लॉगबुक म्हणतात, ती पहाऱ्याचा अधिकारी लिहितो. आपल्या अष्टप्रहरांच्या ऐवजीं तेथें दिवसाचे सात पहारे असतात: पांच चार-चार तासांचे व दोन दोन-दोन तासांचे. संख्या विषम असल्यामुळें एकाच टोळीवर रोज तोच पहारा येत नाहीं. ‘एंटरप्राइझ’च्या काळीं रोजनिशीचा दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत असे, परंतु १८०५ पूर्वींच्या ब्रिटिश आरमारी रोजनिशांत दिवस माध्यान्हीं सुरू होई, व तोहि लौकिक दिवसाच्या बारा तास आधीं. अशा रोजनिशींत ५ तारखेच्या सदरांत दुपारीं तीन वाजतां म्हणून जें लिहिलें असेल, तें लौकिक गणनेनें ४ तारखेस घडलेलें असतें. आंग्रे-इंग्रज झगड्यांच्या तारखा अशा रोजनिशांवरून घेणारांनीं हें विसरूं नये. शिवाय मराठी कागदांतील तिथि सूर्योदयापासून धरलेली असते. त्यामुळें रात्रींच्या घटनेंत पुन्हा एका दिवसाचा फरक पडूं शकतो.

८. तारखेची किंमत

तारखांचा हा काथ्याकूट व्यर्थ आहे असें कोणास वाटल्यास त्यानें सम्राटाच्या एका दाव्याची हकीकत पाहावी. वनवासांत असतां हैले सेलासी यांनीं केबल अँड वायरलेस या कंपनीवर, इथिओपियन सरकारच्या येणें रकमेबद्दल, लंडनच्या न्यायालयांत दावा लावला. खालच्या न्यायाधीशानें तो मान्य केला. परंतु अपील चालू असतां १९३८ च्या नोव्हेंबरांत ब्रिटिश सरकारनें इटलीच्या राजास इथिओपियाचा कायदेशीर सम्राट म्हणून मान्यता दिली. इटलीचा प्रत्यक्ष ताबा सरकारनें १९३६ च्या डिसेंबरांतच मान्य केला होता. अपिलाच्या न्यायालयानें असें ठरविलें कीं, ही नवी कायदेशीर मान्यता त्या जुन्या तारखेपासून लागू होते. दावा त्यानंतरचा, म्हणून तो लावण्याचा अधिकार सम्राटास उरला नव्हता. एका सहीनें दोन वर्षें मागें जाऊन त्याचें सम्राटपद काढून घेतलें. ज्या सरकारच्या नौकेनें त्याला सम्राट म्हणून उचललें, त्याच सरकारच्या मान्यतेनें तो न्यायालयांत परका ठरला.

सम्राटांनीं बाथ येथील वनवासांत आपलें चरित्र सांगून लिहविलें. त्याच्या पहिल्या भागाचें इंग्रजी भाषांतर १९७६ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हां या प्रवासाचीहि दोन टोकांचीं साधनें आज उपलब्ध आहेत: नेणाऱ्या आरमाराचें दप्तर व गेलेल्या सम्राटाची कैफियत.

९. निष्कर्ष

वरील विवेचनाचा सारांश असा. पहिलें, शकावलींतील दोन नोंदींमधील फट हीहि एक नोंदच समजावी. ‘एंटरप्राइझ’च्या सवासहा वर्षांच्या फटींत युद्धाचा शेवट व काटकसरीचें धोरण हीं दोन्हीं सामावलेलीं आहेत. दुसरें, नौकेच्या वृत्तांतांत युवराज व सम्राट या दोघांच्या ओळी एकाच मापाच्या असतात; मानाचा व नाइलाजाचा भेद पुढच्या टप्प्यावर, म्हणजे ब्रिंदिसीची खास आगगाडी व जिब्राल्टरचें उतारू जहाज यांच्या तुलनेंत, सांपडतो. म्हणून नौका जेथें थांबली तेथें संशोधकानें थांबूं नये. तिसरें, खर्चाचा कागद सेवावृत्तांताशेजारीं ठेवल्यावांचून सेवा कोणाची व भार कोणाचा हें कळत नाहीं.

हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर या काळांत आलेल्या लढाऊ नौकांचे लखोटे, फोटो, मेजवान्यांच्या पत्रिका व खलाशांच्या रोजनिशा जुन्या बाजारांत अजूनहि रद्दीच्या भावानें जातात. मोडी नाहीं म्हणून त्यांकडे दुर्लक्ष करूं नये. ज्याच्या हातीं असा कागद येईल त्यानें नौकेचें नांव, आरमार, स्थानक व कालगणना या चार गोष्टी प्रथम नोंदून ठेवाव्या. एवढें केलें तरी पुढील संशोधकाचें निम्में काम झालें असें आम्ही समजतों.